शब्द अडतात तेव्हा

(काही मुलांना बोलायचे असते, पण तोंडातून शब्द लवकर बाहेर पडत नाही. अशा मुलांना वाचाउपचारांची मदत कशी होते आणि त्यांचे वर्गमित्र काय करू शकतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)



आपण दिवसभरात किती बोलतो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? सकाळी उठल्यावर तुम्ही अम्मीशी बोलता. शाळेच्या वाटेवर मित्रांशी बोलता. हजेरीच्या वेळी 'हाजिर' म्हणता. दुकानात जाऊन वही किंवा पेन्सिल मागता. हे सगळे इतके सहज होते, की बोलणे हेही एक काम आहे असे आपल्याला वाटतच नाही. काही मुलांना मात्र हे काम रोज अवघड जाते.

समजा, तुमच्या वर्गात असा एक मुलगा आहे. सर फळ्यावर गणित लिहितात. त्या मुलाने उत्तर कधीच काढलेले असते. उत्तर आहे 'पच्चीस'. तरी तो हात वर करत नाही. सरांनी विचारले, तर तो मान खाली घालून म्हणतो, "नहीं आता." त्याला उत्तर येते. पण 'पच्चीस' म्हणायला गेलो तर ओठ 'प'वरच अडतील, मुले हसतील, ही भीती त्याला वाटते. म्हणून तो 'येत नाही' असे सांगून मोकळा होतो. सरांना वाटते, याचा अभ्यास झालेला नाही. मुलांना वाटते, हा घुमा आहे. दोघांचाही समज चुकीचा असतो.

अशा अडखळत बोलण्याला मराठीत 'तोतरे बोलणे' किंवा 'तोतरेपणा' म्हणतात. उर्दूत आपण त्याला 'हकलाना' म्हणतो. पुस्तकी उर्दूत 'लुकनत' हा शब्द आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. उर्दूतील 'तुतलाना' आणि मराठीतील 'तोतरे बोलणे' हे शब्द कानाला सारखे वाटतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. लहान मूल 'रोटी'ला 'लोती' म्हणते, तेव्हा उर्दूत आपण 'तुतलाना' म्हणतो. मराठीत त्याला 'बोबडे बोलणे' म्हणतात. बोबड्या बोलण्यात शब्दाचा उच्चार बदलतो. तोतरेपणात उच्चार बरोबर असतो, पण शब्द वाटेत अडतो.

शब्द का अडतो?

बोलताना आपल्या शरीरात काय घडते ते आधी पाहू. फुप्फुसांतून हवा वर येते. गळ्यातील स्वरयंत्रात दोन नाजूक पडदे असतात. हवेमुळे ते थरथरतात आणि आवाज तयार होतो. जीभ, ओठ, टाळू आणि जबडा त्या आवाजाला 'क', 'प', 'म' असा आकार देतात. एवढ्याशा कामात कितीतरी स्नायू भाग घेतात. कोणत्या स्नायूने केव्हा हलायचे, याचा हुकूम मेंदू देतो. तोतऱ्या व्यक्तीच्या मेंदूत या हुकमांच्या वेळेचा मेळ कधीकधी बसत नाही. तिची जीभ चांगली असते, बुद्धीही चांगली असते. फक्त वेळ चुकते.

तोतरेपणाचे तीन प्रकार दिसतात. काही वेळा एकच ध्वनी पुन्हा पुन्हा येतो. उदाहरणार्थ, 'क-क-क-कलम'. काही वेळा ध्वनी लांबतो. उदाहरणार्थ, 'श्श्श्शाळा'. काही वेळा तोंड उघडते, पण आवाजच फुटत नाही. हा तिसरा प्रकार सर्वांत त्रासाचा असतो. त्या वेळी मूल जोर लावते. डोळे मिटते, पाय आपटते किंवा मूठ आवळते. पाहणाऱ्याला हे विचित्र वाटते. पण ते मूल अडलेला शब्द ढकलण्याचा प्रयत्न करत असते.

तोतरेपणा बहुधा २ ते ५ वर्षे या वयात सुरू होतो. १०० लहान मुलांपैकी सुमारे ५ मुले केव्हा ना केव्हा तोतरे बोलतात. त्यांतील बहुतेकांचा तोतरेपणा आपोआप जातो. मोठ्या माणसांत १०० पैकी सुमारे एकजण तोतरा राहतो. या हिशेबाने ६०० विद्यार्थ्यांच्या शाळेत अशी पाच-सहा मुले असू शकतात. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे प्रमाण जास्त आहे.

पुष्कळदा तोतरेपणा एकाच घराण्यात अनेकांना असतो. २०१० साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पाकिस्तानातील एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासापासून सुरुवात केली आणि तोतरेपणाशी संबंध असलेली तीन जनुके शोधून काढली. त्यामुळे तोतरेपणाचे मूळ शरीरातच असते, ही गोष्ट आणखी स्पष्ट झाली. भित्रेपणा, आळस किंवा वाईट सवय हे त्याचे कारण नाही.

काही चुकीच्या समजुती

पूर्वी लोकांना हे माहीत नव्हते. त्यामुळे तऱ्हेतऱ्हेचे उपाय होत असत. प्राचीन ग्रीस देशातील वक्ता डेमॉस्थेनिस तोंडात खडे ठेवून बोलण्याचा सराव करत असे, असे सांगतात. १८४१ साली बर्लिन शहरात डीफेनबाख नावाच्या शल्यवैद्याने तोतऱ्या माणसांच्या जिभेवर शस्त्रक्रिया केल्या. रुग्णांना भयंकर वेदना झाल्या, पण तोतरेपणावर तो खरा उपाय ठरला नाही. आपल्याकडेही कोणी मुलाच्या जिभेला वेखंड लावतात, तर कोणी अक्कलकारा चाटवतात. दोष जिभेत नसताना जिभेवर उपाय करून काय उपयोग?

तुमच्याशी जवळचा संबंध असलेली आणखी एक समजूत आहे. काही लोक म्हणतात, "घरी उर्दू, शाळेत मराठी, त्यात इंग्रजी. इतक्या भाषांमुळे मूल तोतरे झाले." हे खरे नाही. दोन-तीन भाषा शिकल्याने कोणी तोतरे होत नाही. तुम्ही मराठी बोलताना थांबता, 'म्हणजे... ते... काय म्हणतात...' असे करता, तो तोतरेपणा नव्हे. तुम्ही शब्द शोधत असता. तोतऱ्या मुलाला शब्द शोधावा लागत नाही. शब्द त्याच्या ओठांवर आलेला असतो आणि तिथेच अडतो. तरीही मराठीच्या तासाला उत्तर देताना जी धडधड तुम्हाला होते, ती आठवा. त्या मुलाला तशी धडधड मातृभाषा बोलतानाही होते.

वाचाउपचार म्हणजे काय?

'वाचा' म्हणजे बोलण्याची शक्ती. बोलण्यातील अडचणी दूर करण्यासाठी जे उपचार करतात, त्यांना वाचाउपचार म्हणतात. हे उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला लोक 'स्पीच थेरपिस्ट' या नावाने ओळखतात. तो सुई टोचत नाही आणि कडू औषधही देत नाही. त्याच्या खोलीत पुस्तके, चित्रे, आरसा आणि आवाज टिपण्याचे साधन असते.

पहिल्या भेटीत तज्ज्ञ मुलाशी गप्पा मारतो. त्याला उतारा वाचायला देतो. चित्र दाखवून त्यावर बोलायला सांगतो. मूल किती वेळा अडते, कोठे अडते, हे तो मोजून लिहून ठेवतो. अम्मी-अब्बांनाही तो प्रश्न विचारतो. तोतरेपणा केव्हा सुरू झाला? घरात आणखी कोणाला आहे का? मूल कोणत्या प्रसंगी बोलणे टाळते?

मग शिकवणे सुरू होते. आधी मुलाला स्वतःचे बोलणे ओळखायला शिकवतात. "शब्द अडतो तेव्हा ताण कोठे येतो? ओठांत, जिभेत की गळ्यात?" हे त्याने शोधायचे असते.

तुम्हीही आता एक छोटा प्रयोग करा. दोन्ही ओठ एकमेकांवर जोरात दाबा आणि 'पानी' हा शब्द म्हणण्याचा प्रयत्न करा. हवा आत कोंडते आणि शब्द बाहेर येत नाही. आता ओठ एकमेकांना अगदी हलके टेकवा आणि पुन्हा 'पानी' म्हणा. शब्द सहज निघतो. तज्ज्ञ मुलाला हाच हलका स्पर्श शिकवतो. 'स', 'श', 'म' अशा ध्वनींनी सुरू होणारा शब्द किंचित लांबवून, मऊपणे कसा सुरू करावा, तेही शिकवतो. श्वास सोडता सोडता आवाज कसा सुरू करावा, याचा सराव करून घेतो.

शब्द मध्येच अडला तर काय करायचे? जोर लावून ढकलायचे नाही. तिथेच थांबायचे, ताण हळूहळू सैल करायचा आणि शब्द सावकाश पूर्ण करायचा. आवळलेली मूठ एकदम न उघडता हळूहळू सैल करून पाहा. असेच काहीसे ओठांचे व जिभेचेही करायचे असते. ही पद्धत रूढ करणाऱ्यांत चार्ल्स व्हॅन रायपर या अमेरिकी तज्ज्ञाचे नाव मोठे आहे. ते स्वतः तोतरे बोलत असत.

तज्ज्ञाच्या खोलीत नीट बोलता येणे हे अर्धेच काम झाले. खरी परीक्षा बाहेर असते. म्हणून तज्ज्ञ आणि मूल मिळून एक शिडी तयार करतात. सर्वांत सोपा प्रसंग खालच्या पायरीवर आणि सर्वांत कठीण प्रसंग वरच्या पायरीवर. खालच्या पायरीवर घरी एकट्याने वाचणे असेल. त्यावर अम्मीशी बोलणे, मग एका मित्राशी बोलणे, मग दुकानदाराकडे वस्तू मागणे, मग फोनवर बोलणे, मग हजेरीला 'हाजिर' म्हणणे. सर्वांत वर, संपूर्ण वर्गापुढे उभे राहून बोलणे. एक पायरी सोपी झाली की दुसरी चढायची. कधी मूल दोन पायऱ्या खाली येते. तेव्हा पुन्हा चढायचे. यात महिनेच्या महिने जातात. रोज थोडा सराव हेच यातले औषध आहे.

स्वतःचे नाव सांगणे पुष्कळांना शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवावे लागते. असे का असावे? तोतरी माणसे अवघड शब्द टाळून दुसरा शब्द वापरण्यात पटाईत असतात. 'पानी' अडेल असे वाटले, तर 'प्यास लगी है' असे म्हणतात. पण स्वतःच्या नावाच्या जागी दुसरे नाव कसे घेणार?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाच्या डोंगराचा थोडासाच भाग पाण्यावर दिसतो. मोठा भाग पाण्याखाली असतो. तसेच अडखळणारे शब्द आपल्याला ऐकू येतात, पण त्याखाली लपलेली भीती, शरम आणि टाळाटाळ दिसत नाही. चांगला वाचाउपचारतज्ज्ञ या खालच्या भागावरही काम करतो. कधी तो मुलाला मुद्दाम तोतरे बोलायला सांगतो! मुद्दाम अडखळून पाहिले, की अडखळण्याची भीती कमी होते.

राजाची गोष्ट

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज लहानपणापासून तोतरे बोलत. राजा होण्यापूर्वी, १९२५ साली, लंडनमधील वेम्ब्ली येथे त्यांना मोठ्या सभेपुढे भाषण करावे लागले. त्या वेळी त्यांचे फार हाल झाले. १९२६ साली ते लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियातून आलेल्या तज्ज्ञाकडे जाऊ लागले. लोग त्यांच्याकडून श्वासाचे व उच्चाराचे व्यायाम करून घेत. १९३६ साली ते राजे झाले. ३ सप्टेंबर १९३९ रोजी इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. त्या संध्याकाळी राजांनी रेडिओवरून सर्व देशाला भाषण ऐकवले. त्यांचे बोलणे संथ होते, मध्ये मध्ये विराम होते. पण जे सांगायचे होते, ते त्यांनी पूर्ण सांगितले.

या गोष्टीतील शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. राजांचा तोतरेपणा मुळापासून गेला नव्हता. लहान वयात उपचार सुरू केले तर तो जाण्याचा संभव मोठा असतो. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९८० च्या दशकात लहान मुलांसाठी अशी एक पद्धत तयार झाली. तीत अम्मी-अब्बांनाच उपचार शिकवतात आणि ते घरी मुलाकडून सराव करून घेतात. तुमच्या घरी तीन-चार वर्षांचे भावंड कित्येक महिने अडखळत बोलत असेल, तर 'मोठे झाल्यावर सुधारेल' म्हणून वाट पाहू नका. घरच्यांना तज्ज्ञाकडे जायला सांगा. शाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांचा तोतरेपणा मात्र पूर्ण जाईलच असे नाही. तरी ताण कमी होतो, शब्द सोपे होतात आणि बोलण्याची भीती जाऊ शकते. आपल्या ओळखीचे अभिनेते हृतिक रोशन हेही लहानपणी तोतरे बोलत असत. मोठेपणीही आपण बोलण्याचा सराव करत असल्याचे त्यांनी सांगितले आहे.

वर्गमित्रांचे काम

आता तुमच्या कामाकडे वळू. तज्ज्ञ आठवड्यातून एखादा तास भेटतो. वर्गमित्र रोज पाच-सहा तास सोबत असतात. शिडीच्या वरच्या पायऱ्या तुमच्या वर्गातच आहेत. तिथे मुले हसली, तर तज्ज्ञाने महिनाभर केलेले काम एका क्षणात वाया जाऊ शकते.

१९३९ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात २२ अनाथ मुलांवर एक प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांना 'तुमच्या बोलण्यात दोष आहे' असे वारंवार सांगण्यात आले. त्यांना तोतरेपणा जडला असे सिद्ध झाले नाही. पण ती मुले बोलायला कचरू लागली. हा प्रयोग मुलांवर अन्याय करणारा होता. २००१ साली आयोवा विद्यापीठाने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. नीट बोलणारी मुलेसुद्धा सततच्या टोकण्याने गप्प होतात. मग जी आधीच अडखळतात, त्यांचे काय होत असेल?

म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवा. मित्र अडला तर त्याचा शब्द तुम्ही पूर्ण करू नका. तुम्हाला वाटते, आपण मदत केली. त्याला वाटते, आपले बोलणे कोणी हिसकावून घेतले. "हळू बोल", "घाबरू नकोस", "दीर्घ श्वास घे" असेही सांगू नका. असे सल्ले त्याने हजारदा ऐकलेले असतात. त्याच्याकडे नेहमीसारखे पाहा, नजर फिरवू नका आणि थांबा. तो कसे बोलतो याकडे लक्ष न देता, तो काय सांगतो ते ऐका. तुम्ही स्वतः थोडे सावकाश बोला. कोणी त्याची नक्कल केली, तर त्या हसण्यात सामील होऊ नका. मधल्या सुट्टीत त्याला खेळायला बोलवा. त्याच्या वतीने उत्तर देण्याची घाई करू नका.

आणखी एक आश्चर्याची गोष्ट आहे. तोतरे मूल गाताना सहसा अडत नाही. सर्वांबरोबर एका सुरात वाचतानाही ते फारसे अडत नाही. स्वतःचे नाव सांगताना अडणारा मुलगा तरन्नुममध्ये गझल सहज म्हणून जातो. म्हणून सकाळच्या तरान्यात किंवा सामूहिक वाचनात त्याला पुढे घ्या. वाचनाच्या तासाला दोघांनी मिळून एक उतारा वाचा. पहिली दोन वाक्ये बरोबर वाचा, मग त्याला एकट्याला पुढे जाऊ द्या.

शिक्षकही पुष्कळ करू शकतात. त्या मुलाला सर्वांसमोर न विचारता एकट्याला विचारावे, "तुला वाचनाची पाळी सुरुवातीला हवी की नंतर?" पाळी जवळ येत असताना भीती वाढत जाते. म्हणून अनेक मुलांना पहिली पाळी सोपी वाटते. तोंडी परीक्षेत त्याला थोडा जास्त वेळ द्यावा. पण त्याला बोलण्यापासून कायमची सूट देऊ नये. सूट मिळाली की त्या दिवसापुरती सुटका होते, पण भीती तशीच राहते.

आणि तुम्ही स्वतः तोतरे बोलत असाल तर?

तर हा भाग तुमच्यासाठी आहे. तुमची काहीही चूक नाही. तुमच्यासारखी माणसे प्रत्येक देशात आणि प्रत्येक भाषेत आहेत. १९९८ सालापासून दरवर्षी २२ ऑक्टोबर हा दिवस जगभर तोतरेपणाविषयी माहिती देण्यासाठी पाळला जातो. तुमच्या विश्वासातल्या एका शिक्षकाला किंवा मित्राला स्वतःहून सांगा, "मी अडखळतो. मला थोडा वेळ द्या." तोंडाने सांगणे कठीण वाटले तर चिठ्ठी लिहा. लपवण्यात जी शक्ती खर्च होते, ती सांगितल्यावर वाचते.

मदत कोठे मिळेल? मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ती १९८३ साली स्थापन झाली. अली यावर जंग हे १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. त्यापूर्वी ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू होते. मुंबईच्या नायर रुग्णालयातही वाचाउपचारांचा विभाग आहे. इतर शहरांतील मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' सुरू झाला. या कार्यक्रमात डॉक्टरांचे पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. गरज असलेल्या मुलांना ते पुढील उपचारांसाठी पाठवते. पथक शाळेत आले की दात-डोळे दाखवता, तशी बोलण्याची अडचणही सांगा.

मित्रांनो, त्या गणिताच्या उत्तराला तीन सेकंद लागले काय आणि तेरा सेकंद लागले काय, 'पच्चीस'चे चोवीस होत नाहीत. जास्तीचे दहा सेकंद वर्गाने द्यायचे असतात. ते देता येतात की नाही, हे तुमच्या हातात आहे.

शब्दार्थ

हजेरी – उपस्थिती (उर्दू : हाजिरी)
घुमा – फारसे न बोलणारा
समजूत – मनात बसलेला विचार (उर्दू : खयाल)
स्वरयंत्र – गळ्यातील आवाज तयार करणारा अवयव
शल्यवैद्य – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर (उर्दू : जर्राह)
जनुक – आईवडिलांकडून मुलांकडे गुण नेणारा शरीरातील सूक्ष्म घटक
उपमा – एका वस्तूची दुसरीशी तुलना (उर्दू : तश्बीह)
पटाईत – कुशल (उर्दू : माहिर)
सामूहिक – सर्वांनी मिळून केलेले
कुलगुरू – विद्यापीठाचे प्रमुख

वाक्प्रचार : मान खाली घालणे – शरमणे. वाया जाणे – फुकट जाणे. कचरणे – घाबरून मागे राहणे. हिसकावून घेणे – जबरदस्तीने घेणे.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वाचाउपचार कशाला म्हणतात?
(आ) तोतरेपणा बहुधा कोणत्या वयात सुरू होतो?
(इ) सहावे जॉर्ज कोणाकडे उपचार घेत होते?
(ई) तोतरे मूल कोणत्या प्रसंगी सहसा अडत नाही?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'तोतरे बोलणे' आणि 'बोबडे बोलणे' यांत काय फरक आहे?
(आ) तज्ज्ञ मुलासाठी 'शिडी' कशी तयार करतो?
(इ) तोतरेपणाला हिमनगाची उपमा का दिली आहे?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) उत्तर येत असूनही मुलगा 'नहीं आता' असे म्हणतो.
(आ) अडलेल्या मित्राचा शब्द आपण पूर्ण करू नये.
(इ) तोतऱ्या मुलाला बोलण्यापासून कायमची सूट देऊ नये.

प्र. ४. चूक की बरोबर ते सांगा. चुकीचे विधान दुरुस्त करून लिहा.
(अ) अनेक भाषा शिकल्यामुळे मूल तोतरे होते.
(आ) तोतऱ्या मुलाची बुद्धी कमी असते.
(इ) मुद्दाम अडखळून पाहिल्याने भीती कमी होऊ शकते.

प्र. ५. भाषाभ्यास.
(अ) हुकूम, माफी, नक्कल, दुकानदार, शरम हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.
(आ) 'नजर फिरवू नका' हे वाक्य नकारार्थी आहे. 'वर्गमित्रांचे काम' या भागातील आणखी तीन नकारार्थी वाक्ये शोधा.

उपक्रम : दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने दोन मिनिटे स्वतःविषयी मराठीत सावकाश बोलावे. दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे आणि जे ऐकले ते वर्गाला सांगावे. नंतर पाळी बदलावी.